प्रकाशीय काच व कॅमेरा-भिंगांचे उत्पादन

प्रकाशीय काच : भिंगे, लोलक आणि प्रकाशकिरणांचा मार्ग निश्चित रीतीने वळविणारे इतर घटक तयार करण्यासाठी लागणारी, सर्वत्र एकजिनसी, रंगहीन व ताणरहित काच. खिडकीची तावदाने, बाटल्या किंवा कंदिलाच्या चिमण्या यांच्या काचेपेक्षा ती रासायनिक दृष्ट्या फारशी निराळी असतेच असे नाही. परंतु तिच्याबद्दलची अपेक्षा निराळी असते. बांगडीतील बुडबुडा कोणाच्या ध्यानातही येत नाही. कॅमेऱ्याच्या भिंगातील काचेत मात्र पाण्यात साखर विरघळताना दिसतात तशा अस्पष्ट शिरा राहिल्या, तरी चित्राची रेखीवता नाहीशी होते. अशा काचेपासून भिंग घडविणे हे एक कौशल्य व ती काच वितळविणे हे दुसरे. ही दोन्ही कामे एकाच छत्राखाली करणारे कॅमेरा-भिंगांचे उत्पादक जगात नेहमीच थोडे राहिले आहेत. ते थोडे का आहेत आणि काही उत्पादकांनी ही खर्चाची वाट का धरली, हे समजण्यासाठी काचेचे गुणधर्म व तिच्या निर्मितीतील अडचणी लक्षात घेणे आवश्यक आहे.

गुणधर्म व प्रकार : प्रकाशीय काचेची ओळख मुख्यत्वे दोन अंकांवरून पटते. पहिला प्रणमनांक, काचेत शिरताना प्रकाशकिरण किती वळतो हे त्यावरून कळते. दुसरा आबे अंक. निरनिराळ्या रंगांचे किरण एकमेकांपासून किती फाकतात, म्हणजे अपस्करण किती होते, याचा तो निदर्शक आहे. आबे अंक जितका मोठा तितके अपस्करण कमी. सर्वाधिक वापरात असलेल्या बोरोसिलिकेट क्राउन काचेचा प्रणमनांक सुमारे १·५१७ व आबे अंक सुमारे ६४ असतो. शिसेयुक्त फ्लिंट काचेच्या एका परिचित प्रकारात हेच अंक सुमारे १·६२ व ३६ असे असतात.

एकाच काचेच्या साध्या भिंगात तांबडा व निळा प्रकाश एकाच प्रतलात एकत्र येत नाही आणि चित्राच्या कडांना रंगीत किनार दिसते. क्राउन काचेचे बहिर्गोल व फ्लिंट काचेचे अंतर्गोल भिंग जोडून हा दोष बराच कमी करता येतो. लंडनमधील जॉन डॉलंड यांना १७५८ मध्ये अशा जोडभिंगाचे एकस्व (पेटंट) मिळाले. तथापि कॅमेऱ्याच्या भिंगाला केवळ मध्यभागी नव्हे, तर संपूर्ण चौकटीत कोपऱ्यापर्यंत स्पष्ट प्रतिमा द्यावी लागते. त्यासाठी गणित करणाऱ्याला दोनच नव्हे, तर अनेक प्रकारच्या काचा हव्या असतात. आधुनिक उत्पादकांच्या सूचीत शंभराहून अधिक प्रकार आढळतात. भिंगाचा आराखडा कागदावर कितीही उत्तम असला, तरी त्यास हवी ती काच अस्तित्वात नसेल तर तो कागदावरच राहतो.

इतिहास : एकजिनसी काचेच्या निर्मितीतील पहिले मोठे यश स्वित्झर्लंडमधील पीएर ल्वी गीनां या कारागिराला मिळाले. वितळलेली काच अग्निसह मातीच्या दांड्याने ढवळत राहिल्यास तिच्यातील शिरा नाहीशा होतात व बुडबुडे वर येतात, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखविले. ही कृती आज साधी वाटते. परंतु पांढऱ्या उष्णतेच्या भट्टीत तास न् तास टिकणारा आणि काचेत स्वतः विरघळून तिला दूषित न करणारा दांडा तयार करणे, हाच त्यातील खरा शोध होता. गीनां यांनी बव्हेरियात बेनेडिक्टबॉयर्न येथील कारखान्यात काही वर्षे काम केले. तेथेच योझेफ फ्राउनहोफर यांनी काचेच्या प्रणमनांकाचे अचूक मापन करण्याची पद्धत घालून दिली. गीनां यांचे गुपित पुढे वारसांकडून फ्रान्समध्ये आणि १८४८ मध्ये झॉर्झ बाँताँ यांच्याबरोबर इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्स या कारखान्यात पोहोचले.

तोपर्यंत काचेचे प्रकार मोजकेच होते व त्यांत प्रणमनांक वाढला की अपस्करणही वाढे. ही जोडी फोडण्याचे काम येना (जर्मनी) येथे झाले. सूक्ष्मदर्शकांचा कारखाना चालविणाऱ्या कार्ल त्साइस यांचे सहकारी, भौतिकीविज्ञ एर्न्स्ट आबे यांना हव्या त्या काचा बाजारात मिळत नव्हत्या. रसायनशास्त्रज्ञ ओटो शॉट यांनी १८७९ मध्ये लिथियमयुक्त काचेचे नमुने त्यांच्याकडे तपासणीसाठी पाठविले आणि या पत्रव्यवहारातून १८८४ मध्ये येना येथे काच-तंत्र प्रयोगशाळा सुरू झाली. बेरियम, बोरॉन, फॉस्फरस इत्यादी मूलद्रव्यांची ऑक्साइडे वापरून शॉट यांनी नव्या काचा बनविल्या व १८८६ मध्ये ४४ प्रकारांची सूची प्रसिद्ध केली. प्रणमनांक जास्त परंतु अपस्करण कमी असलेल्या बेरियम क्राउन काचेमुळे सपाट व कोपऱ्यापर्यंत रेखीव प्रतिमा देणारी छायाचित्रण-भिंगे शक्य झाली. पाउल रूडोल्फ यांनी त्साइस कारखान्यात १८९० मध्ये असे पहिले भिंग सिद्ध केले. त्यांचे चार घटकांचे टेसर भिंग १९०२ मध्ये आले. गणितज्ञ, रसायनज्ञ व भिंग घासणारा कारागीर एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असल्याचा लाभ काय होतो, याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

पहिल्या महायुद्धाने याची दुसरी बाजू दाखविली. १९१४ पर्यंत ब्रिटन, अमेरिका व जपान हे देश आपल्या गरजेची बहुतांश प्रकाशीय काच आयात करीत व त्यांत जर्मनीचा वाटा मोठा होता. युद्ध सुरू होताच दुर्बिणी, तोफांचे दर्शक व हवाई छायाचित्रणाचे कॅमेरे यांसाठी लागणारी काच दुर्मिळ झाली. ब्रिटनमध्ये चान्स कारखान्याचे उत्पादन सरकारी साह्याने वाढविण्यात आले. अमेरिकेत बॉश अँड लाँब या कंपनीबरोबर कार्नेगी संस्थेची भूभौतिकीय प्रयोगशाळा व मानक विभाग (ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स) यांचे शास्त्रज्ञ भट्ट्यांवर उभे राहिले. जपानमध्ये १९१७ मध्ये निप्पॉन कोगाकू (नंतरची निकॉन) ही कंपनी स्थापन झाली व तिने १९१८ मध्ये प्रकाशीय काचेवर संशोधन हाती घेतले. भिंगनिर्मितीच्या मार्गदर्शनासाठी १९२१ मध्ये आठ जर्मन तंत्रज्ञ बोलाविण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, अमेरिकी सैन्याने येना सोडताना शॉट कारखान्यातील ४१ तज्ञांना आपल्याबरोबर पश्चिमेकडे नेले. त्यांच्या आधारावर १९५२ मध्ये माइन्त्स येथे नवा कारखाना सुरू झाला. यंत्रांपेक्षा माणसे नेण्यावर भर होता, यावरून या उद्योगात लिखित सूत्रांपेक्षा अनुभवाला किती किंमत आहे हे दिसते.

कच्चा माल : काचेचा मुख्य घटक सिलिका होय. ती क्वॉर्ट्‌झ किंवा अतिशय शुद्ध वाळू यांपासून घेतात. यातील खरा शत्रू लोह आहे. लोहाच्या अल्प अंशानेही काचेला हिरवट छटा येते व ती प्रकाश शोषू लागते. साध्या तावदानी काचेच्या वाळूत सुमारे ०·१ टक्का लोह ऑक्साइड चालते. प्रकाशीय काचेसाठी ते ०·०१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असावे लागते.

या कसोटीवर महाराष्ट्राच्या भूमीचे दोन भाग स्पष्ट वेगळे पडतात. बीड जिल्ह्याचे उदाहरण घेतल्यास, हा जिल्हा दख्खनच्या बेसाल्टी खडकावर वसलेला आहे. बेसाल्टात सिलिका निम्म्याच्या आसपास, तर लोहाची ऑक्साइडे दहा टक्क्यांहून अधिक असतात. त्यामुळे बालाघाट डोंगररांगेत उगम पावणारी मांजरा, तसेच सिंदफणा व उत्तर सीमेवरील गोदावरी या नद्यांच्या पात्रांत साठणारी काळसर वाळू बांधकामास उत्तम असली, तरी काचेच्या भट्टीस निरुपयोगी ठरते. खडकाच्या पोकळ्यांत आढळणाऱ्या गारगोट्या शुद्ध सिलिकेच्या असतात. परंतु त्या विखुरलेल्या असल्याने त्यांवर उद्योग उभारता येत नाही. याउलट सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवली तालुक्यातील कासार्डे व फोंडा परिसरात काचेस योग्य अशी सिलिका वाळू मिळते. भारतात उत्तर प्रदेशातील शंकरगढची वाळू या कामी विशेष प्रसिद्ध आहे. अर्थात चांगली वाळूही धुऊन, चुंबकाने व अम्लाने शुद्ध करावी लागते. बोरिक अम्ल, पोटॅश, बेरियम कार्बोनेट, लँथॅनम ऑक्साइड इ. इतर द्रव्येही तितकीच शुद्ध हवीत.

वितळण : जुन्या पद्धतीत अग्निसह मातीच्या मोठ्या मुशीत काच वितळवीत. मूस घडविल्यावर ती कित्येक महिने सावकाश सुकवावी लागे. तापविलेल्या मुशीत मिश्रण थोडेथोडे टाकून तापमान सुमारे १,४००° से. किंवा त्याहून अधिक नेले जाई. नंतर वायू बाहेर पडण्यासाठी काच काही तास तशीच ठेवून मग ढवळत. काच घट्ट होत आली की दांडा काढून मूस भट्टीबाहेर आणीत व काही दिवस सावकाश थंड होऊ देत. शेवटी मूस फोडून आतील तडकलेल्या काचेचे तुकडे निवडावे लागत. एवढ्या खटाटोपानंतर वितळविलेल्या काचेचा लहानसा अंशच भिंगास योग्य निघे.

लँथॅनमसारख्या दुर्मिळ मृत्तिकांच्या काचा मातीची मूस खाऊन टाकतात. त्यांच्यासाठी प्लॅटिनमच्या मुशी आवश्यक ठरल्या. या काचांवरील मूळ संशोधन १९३०–४० या दशकात अमेरिकेत जॉर्ज मोरी यांनी केले आणि कोडॅक कंपनीने त्यांचा हवाई छायाचित्रणाच्या भिंगांत उपयोग केला. त्यांपैकी काही काचांत थोरियम असल्याने त्या किरणोत्सर्गी होत्या व कालांतराने पिवळ्या पडत. पुढे त्या वापरातून गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या खपाच्या काचांसाठी प्लॅटिनमचे अस्तर असलेल्या अखंड भट्ट्या प्रचारात आल्या. त्यांच्या एका टोकाला मिश्रण पडते व दुसऱ्या टोकाने काचेची पट्टी किंवा गोळा बाहेर येतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस शिसे व आर्सेनिक यांचा वापर पर्यावरणाच्या दृष्टीने कमी करून त्यांच्या जागी टिटॅनियम, निओबियम इत्यादींची ऑक्साइडे घेण्यात आली.

अनुशीतन : बाहेरचा भाग आधी व आतला मागाहून थंड झाल्यास काचेत ताण राहतो आणि प्रणमनांक जागोजाग बदलतो. म्हणून काच पुन्हा मऊ होण्याच्या खालच्या तापमानापर्यंत तापवून अतिशय मंद गतीने, कित्येकदा ताशी एक-दोन अंशांनी, थंड करतात. जाड ठोकळ्यांना यासाठी आठवडे लागतात. अनुशीतनाचा वेग बदलून प्रणमनांकाच्या पाचव्या दशांश स्थळापर्यंत सुधारणा करता येते. उत्तम काचेच्या एका तुकड्यातील प्रणमनांकाचा फरक दशलक्षांशाच्या काही पटींतच असतो. ताणाची तपासणी ध्रुवित प्रकाशात करतात.

घटकांची घडण : तपासून निवडलेल्या काचेचे तुकडे करून किंवा ती साच्यात दाबून भिंगाच्या आकाराच्या चकत्या बनवितात. हिऱ्याच्या कणांच्या चषकाकार चाकाने त्यांना जवळजवळ योग्य वक्रता देतात. त्यानंतर अधिकाधिक बारीक अपघर्षकाने घासून, राळेचा किंवा बहुवारिकाचा (पॉलिमरचा) थर दिलेल्या हत्यारावर सिरियम ऑक्साइडाची पातळ लगदी घेऊन झिलई करतात. पूर्वी यासाठी लोह ऑक्साइडाची तांबडी पूड वापरीत. पृष्ठाची कसोटी प्रमाण-काच त्यावर ठेवून पाहतात. दोहोंतील हवेच्या पातळ थरामुळे न्यूटन कडी दिसतात. हिरव्या प्रकाशात एका कडीचा फरक म्हणजे पृष्ठातील सुमारे ०·०००२७ मिमी. ची तफावत होय. पुढे भिंगाचा प्रकाशीय अक्ष व त्याची कड यांचे केंद्र एकच व्हावे म्हणून कड घासतात. केंद्र ढळले तर प्रत्येक घटक निर्दोष असूनही चित्राची एक बाजू धूसर येते.

काच व हवा यांच्या प्रत्येक सीमेवर साधारण ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. दहा सुट्या घटकांच्या भिंगात अशी वीस पृष्ठे असल्याने विलेपनावाचून जेमतेम ४४ टक्के प्रकाश पलीकडे जाईल. येना येथील त्साइस कारखान्यात १९३५ मध्ये आलेक्सांडर स्माकुला यांनी निर्वातात पातळ थर बसवून परावर्तन कमी करण्याची पद्धत काढली. मॅग्नेशियम फ्ल्युओराइडाचा सुमारे ०·०००१ मिमी. जाडीचा एक थर दिल्यास प्रत्येक पृष्ठाचे परावर्तन दीड टक्क्याच्या आसपास येते व तेच भिंग सुमारे ७४ टक्के प्रकाश जाऊ देते. अनेक थरांच्या विलेपनाने हे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे जाते. विलेपन सिद्ध होण्यापूर्वी भिंगांतील घटकांची संख्या मर्यादित ठेवावी लागे, याचे हे कारण होय.

गोलीय नसलेल्या पृष्ठांची भिंगे हाताने झिलई करून बनविणे फार महाग पडे. आता कमी तापमानाला मऊ होणाऱ्या खास काचा अचूक साच्यांत दाबून अशी भिंगे तयार करतात. येथे काचेची रचना व साच्याचे तंत्र एकमेकांवर अवलंबून असते. कॅल्शियम फ्ल्युओराइड हे काच नसून स्फटिक आहे. त्याचे अपस्करण अत्यल्प असते. निसर्गात त्याचे मोठे निर्दोष स्फटिक क्वचित मिळतात. कॅनन कंपनीने ते कृत्रिम रीत्या वाढवून १९६९ मध्ये ३०० मिमी. केंद्रांतराच्या छायाचित्रण-भिंगात वापरले.

स्वतःची काच करण्याची कारणे व मर्यादा : ‘स्वतःची काच’ या शब्दप्रयोगाचे निरनिराळे अर्थ होतात. निकॉन कंपनीने काच वितळविण्यापासून भिंग जुळविण्यापर्यंतची साखळी आपल्या समूहातच ठेवली. अकिता प्रांतातील हिकारी ग्लास ही तिची उपकंपनी प्रकाशीय काच तयार करते. त्साइस व शॉट या दोन स्वतंत्र कंपन्या असल्या, तरी दोहोंची मालकी कार्ल त्साइस प्रतिष्ठानाकडे आहे. लाइट्‌झ कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर वेट्‌झलर येथे लहान संशोधन-प्रयोगशाळा चालवून उच्च प्रणमनांकाच्या खास काचा विकसित केल्या. इतर बहुसंख्य उत्पादक होया, ओहारा, शॉट यांसारख्या काच-कारखान्यांकडून काच घेऊन तिच्यावर पुढील संस्कार करतात. काही तर तयार घटकच विकत घेतात.

स्वतः काच करणाऱ्यास आराखड्यास हवा तो प्रकार मिळू शकतो, प्रत्येक वितळणीचे नेमके अंक आधी कळतात व युद्ध किंवा टंचाईच्या काळात उत्पादन थांबत नाही. उलटपक्षी भट्टी एकदा पेटविली की ती चालू ठेवावी लागते; एका वितळणीत निघणारी काच हजारो भिंगांना पुरते आणि एका उत्पादकाला सर्व प्रकार क्वचितच परवडतात. त्यामुळे स्वतःची काच करणारेही काही प्रकार बाहेरून घेतात व आपली काच इतरांना विकतात. काच स्वतःची असल्याने भिंग आपोआप श्रेष्ठ ठरत नाही. गणित, घडण व जुळणी यांची कसोटी तितकीच महत्त्वाची असते.

भारत व महाराष्ट्र : महाराष्ट्रात काचउद्योगाचा पाया स्वदेशी चळवळीत घातला गेला. लोकांकडून एकेक पैसा जमवून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच-कारखाना १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे सुरू झाला व त्यातून अनेक तंत्रज्ञ तयार झाले. कऱ्हाडजवळ ओगलेवाडी येथे १९१६ मध्ये निघालेल्या ओगले काच-कारखान्याची कंदिलाची काच व पुढे प्रभाकर कंदील घरोघर पोहोचले. हे कारखाने घरगुती काचेचे होते. याच काळात दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये इंग्लंडहून चलच्चित्रण कॅमेरा आणला, तर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास असा कॅमेरा येथेच घडविला आणि त्यावर सैरंध्री (१९२०) हा चित्रपट काढला. कॅमेऱ्याची दंतचक्रे व पेटी कुशल कारागिराला घडविता आली. परंतु त्या काळी देशात प्रकाशीय काच कोठेच होत नसल्याने भिंगाची काच बाहेरचीच असणे अपरिहार्य होते.

ही उणीव भरून काढण्याचे काम कोलकात्यातील जादवपूर येथे १९५० मध्ये उद्‌घाटन झालेल्या मध्यवर्ती काच व मृत्तिका संशोधन संस्थेने केले. डॉ. आत्माराम (१९०८–८३) हे तिचे संचालक असताना, तयार तंत्र परदेशातून विकत घेण्याऐवजी संस्थेतील संशोधकांनी मुशी, भट्टी, ढवळण्याची यंत्रणा व अनुशीतन ही सर्व अंगे स्वतः बसविली आणि १९६० च्या सुमारास प्रकाशीय काचेचे उत्पादन सुरू झाले. अशी काच करणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना होऊ लागली. जादवपूर येथीलच नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या सरकारी कंपनीने मोजणीची व प्रकाशीय उपकरणे तसेच ‘नॅशनल–३५’ हा कॅमेरा तयार केला. ही कंपनी २००९ मध्ये जादवपूर विद्यापीठाकडे गेली. चष्म्याच्या काचेसाठी दुर्गापूर येथे सोव्हिएट साह्याने उभारलेली भारत ऑप्थॅल्मिक ग्लास ही कंपनीही पुढे बंद पडली.

या अनुभवातून उद्योगाचे एक वैशिष्ट्य दिसून येते. प्रकाशीय काचेची गरज वजनाने थोडी, प्रकारांनी पुष्कळ व गुणवत्तेत कठोर असते. म्हणून तिचे उत्पादन केवळ बाजारातील मागणीवर टिकत नाही. तिच्या शेजारी भिंग घडविणारा व ती काच अखंड मागणारा उपकरण-उद्योग असावा लागतो. येना व टोकिओ येथे ही जोडी जुळली, तेथे दोन्ही उद्योग एकमेकांच्या आधाराने वाढले. भारतात काच करता येते हे सिद्ध झाले. परंतु तिच्याभोवती मोठा कॅमेरा-उद्योग उभा राहिला नाही आणि त्या काचेचे महत्त्व मुख्यतः संरक्षण व वैज्ञानिक उपकरणांपुरते राहिले.